कोन हाय काठाला?

हरभरा कढईत टाकायच्या आधी आमचे दाजी भट्टीवरून उठायचे, घराच्या मागल्या दाराकडे तोंड करायचे आणि सगळी आळी जागी होईल अशा आवाजात ओरडायचे, "कोन हाय काठाला?"

मग थांबायचे. कढईतली वाळू तापलेली असायची, भिजवलेला हरभरा सुपात तयार असायचा, गिऱ्हाईक पिशवीचं तोंड उघडून उभं असायचं. दाजी सगळ्यांकडे पाठ करून थांबायचे. आतून शेवंताआत्याचा आवाज यायचा, "आमी हाय!" तो आला की दाजी समाधानानं मान हलवायचे आणि सूप वाळूत उपडं करायचे. उत्तर आलं नाही तर एक दाणासुद्धा पडायचा नाही.

यात चमत्कारिक गोष्टी बऱ्याच होत्या. एक म्हणजे घरात आत्या एकटीच असायची, तरी ती 'आमी' म्हणायची. दुसरी म्हणजे काठ कसला, हे कुणालाच दिसत नव्हतं. आमचं गाव वडूजच्या पूर्वेला, उघड्या माळावर. तिथं वाहतं पाणी बघायचं असेल तर टँकरच्या नळाखाली जाऊन उभं राहावं लागे.

एकदा जत्रेच्या सकाळीच आत्या दात काढायला वडूजला गेली होती. भट्टीपुढं ही गर्दी. दाजींनी हाळी दिली, उत्तर नाही. शेजारच्या सुमनकाकी म्हणाल्या, "आवं दाजी, मी हाय की. टाका बिनघोर." दाजींनी त्यांच्याकडे दयेनं बघितलं. म्हणाले, "तू तुज्या मालकाचा काठ. माजा काठ वडूजला गेलाय." वाळू तापली, निवली, पुन्हा तापली. लोकांनी शिव्या घातल्या. अखेर एसटी आली. आत्या गालात कापसाचा बोळा धरून पायरी उतरतेय तोवर दाजींनी भट्टीवरूनच हाळी ठोकली. कंडक्टर दचकला. आत्यानं कापसाच्या आडून कसंबसं "आंई आय" म्हटलं आणि जत्रेला फुटाणे मिळाले.

दाजी मूळचे आमच्या गावचे नव्हेत. कुंडलच्या पलीकडं, कृष्णेच्या काठावर त्यांचं घर. जातीनं भोई, धंदा मासे धरायचा. आमच्या गावातही भोयांची चारदोन घरं आहेत, पण माळावर मासा कुठला मिळायला? म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चणे-चुरमुरे भाजत आलेली. त्यांतल्या भट्टीवाल्या म्हाताऱ्याची शेवंताआत्या ही एकुलती लेक. तिच्यासाठी हा नदीतला माणूस माळावर घरजावई होऊन आला. गावच्या लेकीचा नवरा म्हणून सगळ्यांचा दाजी झाला. आमच्याकडे दाजीची थट्टा करायला परवाना लागत नाही. त्यामुळे म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे त्यांना दाजी म्हणायचे आणि सगळे त्यांची टिंगल करायचे.

टिंगलीला दाजी भरपूर माल पुरवत. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या. एक फेकायचं जाळं आणि एक पोतं वाळू. भट्टीच्या कढईत ते दुसरी वाळू पडू देत नसत. वर्षादोन वर्षांनी वाळू बारीक झाली की स्वतः जाऊन कृष्णेची नवी वाळू घेऊन यायचे. "तुमचा वढा पावसाळ्यात चार दिस व्हातो," ते म्हणायचे, "माजी नदी बारा म्हयनं कढईत हाय."

आणि तिसरी गोष्ट आणली होती ती म्हणजे तोंडातली भाषा. माणूस भट्टीपुढं बसायचा पण बोलायचा होडीतून. एसटी आली असं ते कधी म्हणाले नाहीत. एसटी काठाला लागायची. पोराचा ताप उतरला की 'पानी निवळलं'. भांडण पेटलं की 'गढूळ झालं'. दिशा तर त्यांच्या पूर्व-पश्चिम नव्हत्याच. एक वरलं अंग, एक खाललं अंग, म्हणजे धार येते ते आणि धार जाते ते. नव्यानं आलेल्या ग्रामसेवकानं एकदा त्यांना शाळेचा रस्ता विचारला. दाजी म्हणाले, "असं धारंला लागा, खालच्या अंगाला जावा, डव्हाच्या वर शाळा." तो बिचारा पँटीच्या घड्या गुडघ्यापर्यंत वर घेऊन शाळेत पोचला. आमच्या वर्गानं हे ध्यान दारातून येताना बघितलं आणि हेडमास्तरांसकट सगळे हसलो. ग्रामसेवकाचं नाव दाजींनी त्याच दिवशी 'मरळ' ठेवलं. मरळ हा मासा पाणी आटलं तरी चिखलात तग धरून राहतो. "ह्यो टिकंल," दाजी म्हणाले. आणि खरंच, आमच्या गावात बदली मागून न पळालेला तो पहिला ग्रामसेवक.

असं प्रत्येकाला त्यांनी माशाचं नाव दिलेलं. हेडमास्तर कटला, कारण डोकं मोठं. सरपंच वाम, कारण कुठल्याही बाजूनं धरा, सुटतोच. मी अंगानं किरकोळ, म्हणून मला 'चिंगळी', म्हणजे बारीक झिंगा. माझ्या वडिलांना, आण्णांना, त्यांनी खेकडा नाव दिलं, कारण मेंढरांमागं फिरून फिरून त्यांची चाल तिरकी झालेली. आण्णा बदला म्हणून दाजींना 'एडका' म्हणायचे. हुंदडायचं, शिंगं उगारायची, आणि कळपाला उपयोग किती ते देवाला ठाऊक.

काही शब्द मात्र दाजी कुणाला उच्चारू देत नसत. 'रिकामं' म्हणायचं नाही, 'हलकं' म्हणायचं. 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. कुणी चुकलं की बोट ओठावर ठेवून ते म्हणायचे, "हळू. पानी ऐकतंय." हे त्यांचं पालुपद. उन्हाळ्यात एकदा टँकर अर्ध्या रांगेतच आटला आणि सुमनकाकी ओरडल्या, "संपलं गं बायांनो!" दाजी भट्टीवरून धावत आले. "वाढलं म्हना, वाढलं म्हना. पानी ऐकतंय." काकींनी घागर कमरेवर घेतली. "ऐकतंय नव्हं? मग त्येला म्हनावं, तेवढं ऐकत बसन्यापरास वर ये."

एकटे आण्णा यावर हसत नसत. आम्ही मेंढपाळ. आमच्यातही मेंढरं किती हे कुणी विचारलं तर आकडा सांगत नाहीत. 'हायती देवाची' म्हणायचं, विषय मिटवायचा. दाजींचं ऐकून आण्णा घरी म्हणाले होते, "येडा हाय, पर आपल्यातलाच येडा हाय."

मीही लहानपणी आत्याला विचारलं होतं, की आत्या, तू रोज 'आमी हाय' का म्हणतेस, आणि एकटी असून 'आमी' का. ती ज्वारी निवडत होती. तिनं सांगितलं, की ह्यांच्याकडं नदीत जाळं टाकायच्या आधी काठावरच्या माणसाला हाळी द्यायची रीत असते. काठावरनं उत्तर आल्याबिगर जाळं टाकायचं नाही. "नदीला कळाय पायजे बाई, ह्येला काठाला कुनीतरी हाय. न्हाईतर ती म्हनती, ह्येला कुनी न्हाई, ठिवून घ्यावा." आणि आमी म्हणायचं ते नदीवर वजन पडावं म्हणून. एकटी बाई बघून नदी ऐकत नाही.

"पण इथं नदी कुठाय?" मी विचारलं.

"न्हाई," आत्या म्हणाली. "पर ह्येंनी हाक मारली तर मी गप बसू?"

दाजींचे उपकार माझ्यावर किती, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी बारावी झाले त्या वर्षी घरात ठरलं होतं की आता शिकणं पुरे. मेंढरं घेऊन घरचे कोकणाकडं उतरणार, मी त्यांच्यासोबत जायचं, आणि परतल्यावर स्थळ बघायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही गाठली नव्हती, त्यामुळे कुणी वाईट हेतूनं ठरवलं होतं असं नाही. पुढं काय असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. दाजींना हे कळलं तेव्हा ते भट्टी सोडून आमच्या अंगणात आले. बसले, पाणी प्यायले, आणि आण्णांना म्हणाले, "खेकड्या, जाळ्यात बारकं आलं तर आमी काय करतो?"

"खाता," आण्णा म्हणाले.

"सोडतो. बारकं धरलं की नदी तोंड फिरवती. ही चिंगळी हाय. सोड हिला. मोठी हुंदे."

एवढं बोलून ते गेले. कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी मेंढरं सोडता सोडता माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोकरू बी दूध तुटल्याबिगर बाजारात नेत न्हाईत. जा कालिजात."

वडूजला कॉलेजला जायला मी पहिली एसटी धरायचे. थांबा भट्टीसमोरच. दाजी रोज गरम फुटाण्याची पुडी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वाटंत पवताना खा." त्या फुटाण्यांवर मी बी. ए. झाले, पुढं बी. एड. झाले आणि कडेगावच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला लागले. आज वर्गात फळ्यासमोर उभी राहते तेव्हा मला कळतं की मी सुटलेला मासा आहे.

ते जाळं मात्र दाजींच्या चेष्टेतला सगळ्यात मोठा विषय. भट्टीच्या वर, आढ्याला टांगलेलं. धुरानं काळं झालेलं. पावसाळ्याच्या तोंडाला ते खाली काढायचे, मांडीवर घेऊन एकेक गाठ तपासायचे, तुटलेली नव्यानं बांधायचे. मग टँकरच्या पाण्यातला आपल्या वाटणीचा तांब्या घेऊन त्यावर शिंपडायचे. "त्येला तान लागती," म्हणायचे. आत्या आतून करवादायची, "जाळ्याला पाजतासा, मला कवा इचारलंय?" आणि स्वतःच दुसरा तांब्या आणून द्यायची.

पोरं विचारायची, "दाजी, खरं सांगा, कवा मासा धरलाय का? का फकस्त फुटाणंच?" दाजी छाती पुढं काढून सांगायचे, की एकदा असा वाम धरला होता की त्याचं तोंड सांगली जिल्ह्यात होतं आणि शेपूट सातारा जिल्ह्यात, आणि पंचनाम्याला दोन्हीकडचे तलाठी आले होते. असल्या थापांमुळे झालं काय, की त्यांचं खरंही कुणी खरं धरेना. नव्या पिढीची तर खात्रीच पटली की ह्या माणसानं जन्मात पाण्यात पाय घातलेला नाही.

मग आत्या गेली. काही मोठं दुखणं नाही. तापाचं निमित्त झालं आणि गेली. दाजींनी भट्टी काही दिवस बंद ठेवली आणि पुन्हा पेटवली. पण आता ते वाळू तापली की गुपचूप हरभरा टाकायचे. हाळी नाही, थांबणं नाही. गिऱ्हाइकांना लवकर माल मिळायला लागला. कुणीतरी म्हणालंही, "दाजी आता शाना झाला." पालुपद गेलं, माशांची नावं गेली, एसटीसुद्धा काठाला न लागता नुसती यायला लागली. मी सुट्टीला गावी जायचे तेव्हा पुडी मिळायची, पण ते म्हणायचे, "घे बाळ." चिंगळी म्हणायचे नाहीत.

आणि अशात आमच्या गावाला पाणी आलं.

उपसा योजनेचं पाणी कालव्यानं आमच्या तळ्यात सोडलं त्या दिवशी सगळं गाव बांधावर होतं. ज्या तळ्यात आम्ही शाळेचे खेळ खेळलो, ज्याच्या मधोमध बाभळी माजलेल्या होत्या, ते भरत गेलं. आण्णांची मेंढरं पाण्याकडं बघून बावरली, पुढं जाईनात. दाजी मागं, गर्दीच्या कडेला उभे होते. पाणी त्यांच्या पायाला लागलं तेव्हा त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

गावानं तळ्यात मत्स्यबीज सोडलं. मासे वाढले. आणि मग प्रश्न आला की धरणार कोण. बाहेरगावचा एक ठेकेदार होडी, जाळी, माणसं सगळं घेऊन यायला तयार होता. ग्रामसभेत दाजी उभे राहिले आणि म्हणाले की तळं भोयांच्या घरांना द्या, मी धरीन, पोरांना शिकवीन. सभा हसली. म्हणजे वाईट बुद्धीनं नाही, दाजीला हसायची सवयच होती. कुणी म्हणालं, "मासं भाजायचं काम न्हवं दाजी, धरायचं हाय." शेवटी सरपंचांनी, त्याच वाम सरपंचांनी, निकाल दिला. येत्या रविवारी सकाळी सगळ्यांदेखत दाजींनी एकच जाळं टाकायचं. मासा आला तर तळं भोयांना. जाळं कोरडं आलं तर ठेकेदाराला, आणि मग दाजींनी पुन्हा नदीचं नाव काढायचं नाही.

"टाकतो," दाजी म्हणाले.

त्यांचा मला फोन आला. आवाज बारीक होता. "चिंगळे, होडी न्हाई." कितीतरी दिवसांनी मी ते नाव ऐकलं. मी म्हटलं, होडी मी कुठून आणू? ते म्हणाले, "तुज्या कडेगावात ऊस हाय का न्हाई? मग काहिल असंल की. आमी काहिलीतनंच नदी उतरायचो."

गूळ उकळायची काहिल, ती भली मोठी लोखंडी परात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. ते लष्करातून सुभेदार होऊन परत आलेले. मी भीतभीत विचारलं, तर त्यांनी स्वतः काहिलीचं बूड पाणी भरून तपासलं, टेम्पोत चढवली आणि मला म्हणाले, "मॅडम, नौका रवाना. रिपोर्ट द्या."

गावात काहिल उतरवल्यावर आण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "एडक्या, ह्येच्यात गूळ करत्यात का मासं?"

"दोनी ग्वाडच," दाजी म्हणाले. जुने दाजी थोडेसे परत आले होते.

रविवारी सकाळी बांधावर जत्राच होती. मेंढरं उतारावर, माणसं काठावर. ठेकेदार मोटारसायकलवर टेकून, काळा चष्मा लावून उभा. दाजी बनियन आणि खाकी चड्डीवर आले, खांद्यावर ते काळं जाळं. एक पोरगा म्हणाला, "जाळ्याला फुटाण्याचा वास येतोय. मासं आपनहून येत्याल." सगळे हसले. दाजी काहिलीत बसले. जन्मभर कढईपुढं बसलेला माणूस आता कढईतच बसला होता, त्यामुळं पुन्हा हसले.

काहिल पाण्यात गेली की गरगर फिरते. सरपंचांचा पोरगा आदल्या दिवशी बसून बघायला गेला होता, तो फिरून फिरून ओकला होता. दाजींनी गुडघे टेकले, हातातल्या फळीनं दोनदा इकडं, एकदा तिकडं पाणी मारलं आणि काहिल सरळ निघाली. काठावरचं हसणं जरा कमी झालं. मध्यावर गेल्यावर दाजी उठून उभे राहिले. चहाची बशी धरताना ज्यांचा हात थरथरायचा, ते त्या डुगडुगत्या परातीत खांबासारखे उभे. जाळ्याची घडी कोपरावर घेतली, कड हातात पसरली. आता टाकणार.

टाकेनात.

तसेच उभे. तोंड काठाकडं. ठेकेदार ओरडला, "बाबा, मुहूर्त बघताय काय?" कुणी म्हणालं हात भरला असेल, कुणी म्हणालं भ्याले. सुमनकाकी पुटपुटल्या, "ह्या वयात कशाला ह्यो हट्ट." मागून एकजण म्हणाला, "म्या म्हनलं नव्हतं? फुटाणंवाला हाय त्यो." सरपंचांनी घड्याळाकडं बघितलं. ते वाईट तोंड करून आता काहीतरी जाहीर करणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

दाजींचे ओठ हलत होते आणि मिटत होते. तेव्हा मला कळलं. त्यांना हाळी द्यायची होती, आणि हाळीला उत्तर द्यायला काठावर त्यांचं माणूस नव्हतं. इतकी वर्षं वाळूवर पाळलेली रीत आता खऱ्या पाण्यावर ते कशी मोडणार? आणि उत्तर द्यायचा हक्क कुणाचा होता, हे जत्रेच्या सकाळी सुमनकाकींना त्यांनी सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मला आत्याची जागा घेता येत नव्हती. पण गप बसताही येईना.

मी पाण्याच्या कडेला गेले आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज काढला.

"आमी हाय!"

बांधावरची सगळी डोकी माझ्याकडं वळली. ते दोन शब्द गावानं रोज सकाळी ऐकले होते. कुणाचे होते ते सगळ्यांना माहीत होतं. दाजींनी माझ्याकडं बघितलं. जाळं तसंच कोपरावर राहिलं. माझा आवाज त्या एवढ्या पाण्यावर फारच चिंगळीएवढा पडला होता.

मग माझ्या मागून आण्णांचा आवाज निघाला. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरचं मेंढरू वळवणारा आवाज. "आमी हाय रं एडक्याऽऽ!"

त्याच्यामागं उतारावरचे सगळे मेंढपाळ. मग सुमनकाकी, पदर खोचून. मग बाया, मग पोरं, हेडमास्तर, मरळ ग्रामसेवक. "आमी हाय! आमी हाय!" मेंढरं उठून उभी राहिली. सरपंच घड्याळ विसरून ओरडत होते. ठेकेदाराचा ड्रायव्हरसुद्धा ओरडला, तेव्हा ठेकेदारानं त्याच्याकडं बघितलं.

दाजींनी पाठ ताठ केली. छाती भरून घेतली आणि उत्तर आधीच मिळालेला प्रश्न विचारला.

"कोन हाय काठालाऽऽ?"

असा जबाब गेला की कालव्यावरचे बगळे उडाले. दाजी कमरेतून वळले आणि जाळं सुटलं. घोंगडं झटकावं तसं हवेत उघडलं, पुरं गोल, एक सुरकुती नाही. क्षणभर तसंच पसरून राहिलं आणि पाण्यावर असं पडलं की नुसता 'सर्र' आवाज झाला. आयुष्यभर त्या काळ्या झालेल्या जाळ्याला आम्ही हसलो होतो. ते एवढं मोठं असेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी दोरी ओढायला घेतली आणि काहिल एका अंगाला कलली. बाया किंचाळल्या. दाजी दुसऱ्या अंगावर रेलले, ओढत राहिले. जाळं वर आलं ते उकळल्यासारखं हलत होतं. त्यांनी एक धूड कल्ल्यांत धरून वर उचललं आणि ओरडले, "हेडमास्तर घावलं!" हातात हा एवढा कटला. काठावरचे हेडमास्तर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते.

काठाला लागल्यावर पोरं मासे मोजायला लागली. "मोजू नगा!" दाजी ओरडले. "मोजू नगा रं!" आण्णाही ओरडले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि हसले. सरपंच म्हणाले, "तळं भोयांचं. बोलणं मिटलं." ठेकेदार गाडीला किक मारत होता, तर दाजींनी त्याला थांबवून एक ताजा मासा पिशवीत घालून दिला. "काठावनं हलकं जायाचं नसतंय पाव्हनं." त्यानं काळा चष्मा काढला आणि वाकून घेतला.

त्या दुपारी बांधावरच चुली मांडल्या. आमच्या मेंढपाळांना मासा शिजवता येईना, भोयांच्या बायकांनी शिकवलं. सरपंचांच्या घशात काटा अडकला. "वामाला काटा लागला," दाजी म्हणाले, आणि सगळ्या गावाला पुन्हा माशांची नावं मिळाली.

जेवणं झाल्यावर ते एका बाजूला जाळं वाळत घालून त्याच्यापाशी बसले होते. मी जवळ गेले. म्हटलं, "दाजी, मला आत्यानं सांगितलं होतं. नदी ठेवून घेते म्हणून."

"ती आमच्या पोरांना भ्या घालायची गोष्ट," ते म्हणाले. "कढईत कोन बुडतंय?"

मग जाळ्याची एक गाठ बोटांत फिरवत ते बोलले. शेवंताची आई आधीच गेलेली. मागनं बाप गेला. लेकरू झालं नाही. दाजी भट्टीवर, चार माणसांत. ती आत घरात, दिवसभर एकली. "म्हनलं, सकाळी उठून तिला कुनीतरी इचारावं, हायस का. आन तिनं हाय म्हनावं. येवढंच." त्यांनी गाठ ओढून घट्ट केली. "ती माजा काठ व्हती म्हनून न्हाई हाक मारायचो. तिला काठ असावा म्हनून मारायचो. तिला वाटायचं मला गरज हाय. वाटू दिलं."

खाली तळ्याच्या कडेला मेंढरं आता न बावरता पाणी पीत होती. दाजींनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "चिंगळे, तू तिकडं कडेगावात खोली घिऊन ऱ्हातीस. कोन आसतंय संगं?"

म्हटलं, "कुणी नाही. एकटीच."

"बरं," ते म्हणाले आणि जाळं उलटं करायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडेगावच्या खोलीत शाळेला निघायच्या गडबडीत होते, डब्याची भाकरी तव्यावर होती, आणि फोन वाजला. पलीकडं भट्टीचा फटफट आवाज, गिऱ्हाइकांची कुरकुर, आणि मग कान फाटेल अशी हाळी. तेव्हापासून रोज. कधी मी रस्त्यावर असते, कधी स्टाफरूममध्ये. सोबतचे शिक्षक आता दचकत नाहीत. मी उत्तर दिल्याशिवाय आमच्या गावात फुटाणे भाजले जात नाहीत, हे त्यांना माहीत झालंय.

सुट्टीच्या दिवशी मात्र मी खोलीतच असते. फोन कानाला लावते, दार लावलेलं असतं, आत दुसरं कुणी नसतं. तरी मी आत्यानं घालून दिलेलं उत्तरच देते.

"आमी हाय!"

पलीकडं सूप वाळूत उपडं झाल्याचा आवाज येतो.